उजव्या हाताची नखं

माणूस एकदा पुरला की कायमचा तिथेच, अशी माझी पुष्कळ वर्षं समजूत होती. मुंबईत तसं नसतं. इथे कबरसुद्धा मुदतीची असते. दोनेक वर्षं झाली की ती उघडतात, हाडं गोळा करून भिंतीतल्या एका लहानशा कोनाड्यात ठेवतात, वर शाळेच्या पाटीएवढा दगड बसवतात आणि रिकामी झालेली जागा पुढच्या माणसाला देतात. मागच्या महिन्यात शेरिलने हे मला फोनवर समजावून सांगितलं. शेरिल ही फिलूआंटीच्या बहिणीची मुलगी, माहीमला राहते. "आंटीची वेळ झाली अंकल, नोटीस आलीय," ती म्हणाली आणि मला हसू आलं. ते तिला आवडलं नसावं. पण फिलूआंटी उभ्या आयुष्यात एका जागी बसली नाही, आणि आता तिथल्या लोकांनीही तिला बसू दिलं नाही, यावर ती स्वतःही हसली असती.

शेरिलला त्या दगडावर चार ओळी हव्या आहेत. मी चाळीस वर्षं प्रूफं तपासली, आधी एका छापखान्यात आणि मग एका वर्तमानपत्रात, तेव्हा त्या मीच लिहाव्यात असं तिचं म्हणणं. दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्याला स्वतःला लिहिता येतं, हा गैरसमज फार जुना आहे. तीन आठवडे मी कागद घेऊन बसतो आणि उठतो. 'प्रेमळ' लिहिलं, खोडलं. 'सेवाभावी' हा शब्द मी इतक्या नगरसेवकांच्या नावामागे तपासलाय की तो कुणा सभ्य माणसाला लावायला संकोच वाटतो. राहिला 'दयाळू'. अडतं तिथेच. फिलूआंटीने शेवटची वीस-बावीस वर्षं दया करणं हाच उद्योग केला, आणि दयाळू म्हणावं अशी ती अजिबात नव्हती.

दादर पश्चिमेला आमची तीन मजली इमारत आहे. तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन बिऱ्हाडं, आम्ही प्रधान आणि ते परेरा. माझे आजोबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, आणि त्यांच्या आजोबांची म्हणे गिरगावात दोन घरं होती. ही दोन घरं आमच्याकडे जेवताना रोज पानात वाढली जात. परेरा मुंबईचे जुने ईस्ट इंडियन ख्रिस्ती, घरात आपली वेगळ्या वळणाची मराठी बोलणारे. माझी आई कधी मूळचे मुंबईकर म्हणून आमची मान उंच करायला लागली की फिलूआंटी दारातूनच म्हणायची, "तुमच्या आधी आम्ही होतो वहिनी. आणि आमच्या आधी बोंबील."

फिलोमिना परेरा माझ्याहून दहाच वर्षांनी मोठी. "दहा वर्षांसाठी आंटी काय म्हणतोस?" असं ती मला माझ्या साठीपर्यंत विचारत राहिली. पण सगळी इमारत तिला आंटी म्हणायची आणि दुसरा शब्द कुणाला सापडला नाही. उंच, काटकुळी. गुडघ्याखाली येणारा फ्रॉक, पायात कॅनव्हासचे बूट, केस कानापर्यंत आणि तेही स्वतःच कापलेले. समोरून वारा येत असल्यासारखी पुढे झुकून चालायची. आमच्याकडे आली तर खुर्चीच्या काठावर टेकायची, आणि बोलता बोलता टेबलावरची मिठाची बाटली सरळ कर, कॅलेंडराचं मागचं पान फाड, माझ्या चष्म्याची काच फ्रॉकला पूस, असं काहीतरी चालू. तिच्याशी पाच मिनिटं बोललं की आपणच कुठेतरी जायला उशीर करतोय असं वाटायला लागायचं.

ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ट्रंक कॉलचा जमाना होता, तीन मिनिटांचा एक कॉल. नागपुरात कुणाचा बाप गेला असला तरी तीन मिनिटं झाली की मध्ये बोलायचं, "वाढवायचा का?" तीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं तोडून तिचं मन तीन मिनिटांच्या तुकड्यांतच चालायला लागलं होतं. आजाऱ्याला भेटायला गेली की ती अठरा मिनिटं थांबायची. सहा कॉल. एकोणिसाव्या मिनिटाला उभी. "याहून जास्त बसलं की आजारी माणूस आपल्याला करमवायला लागतो," असं तिचं म्हणणं होतं, "आणि तो आधीच आजारी आहे."

आजाऱ्यांना भेटणं हे तिचं काम होतं. त्यांच्या धर्मात लहानपणी पाठ करून घेतात, दयेची शारीरिक कृत्यं सात: भुकेल्याला जेवू घालणं, तहानलेल्याला पाणी, उघड्याला कपडा, बेघराला आसरा, आजाऱ्याची भेट, तुरुंगातल्या माणसाची भेट आणि मेलेल्याला मूठमाती. ती मला एकदा जिन्यात म्हणाली की सातही करणारे लोक असतात, त्यांचे पुतळे होतात; आपल्याला एकच नीट जमलं तरी खूप. मी विचारलं, मग आजारीच का, भुकेलेही पुष्कळ आहेत. ती म्हणाली, "भुकेला खातो आणि गप्प बसतो. आजारी बोलतो. म्हणून तिकडे गर्दी कमी."

मंगळवार आणि शुक्रवार दुपारी ती परळच्या एका मोठ्या इस्पितळात, पुरुषांच्या आणि बायकांच्या दोन्ही वॉर्डांत जायची. फळं नाहीत, फुलं नाहीत, प्रार्थनेचं पुस्तक तर नाहीच. बरोबर पेपरमिंटच्या गोळ्यांचा एक जुना पत्र्याचा डबा. त्यात एक नेलकटर, एक छोटी कानस आणि स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस. ती आजाऱ्यांची नखं कापायची.

ऐकायला हे विचित्र वाटतं. मलाही वाटलं होतं. पण कधी महिनाभर अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे हात बघा. नातेवाईक येतात, शहाळं आणतात, उशी सारखी करतात, डॉक्टरशी भांडतात. नखं कुणी बघत नाही. ती आपली वाढत राहतात, त्यांना आजाराशी काही कर्तव्य नसतं. फिलूआंटी खाटेशी जायची, हाताखाली वर्तमानपत्र पसरायची आणि म्हणायची, "हात." एवढंच. विनंती नाही, विचारपूस नाही.

वर्तमानपत्र पुरवणं हे माझं काम. "अग्रलेखाचं पान दे," ती म्हणायची, "ते कोरं असतं, कुणी हात लावलेला नसतो." मी रात्रीची झोप घालवून तपासलेल्या अग्रलेखांवर परळच्या किती लोकांची नखं पडली याची मोजदाद नाही. कधीकधी मी तिच्याबरोबर जायचो. पुण्य करायला नव्हे. निवृत्त झाल्यावर दुपारचं करायचं काय हा प्रश्न असतो.

एकदा तिथे गायकवाड नावाचे एक गिरणी कामगार होते, परळच्याच चाळीतले, फुप्फुसात कापूस गेलेले. उशाशी बुद्धाची तसबीर. आंटीच्या गळ्यातला क्रूस बघून त्यांनी हात चादरीत ओढून घेतला.

"बाई, धर्माचं काही असलं तर आधीच सांगतो. आमचा एकदा बदलून झालाय. पुन्हा नाय."

"मला नखं हवीत," आंटी म्हणाली. "बाकीचं तुमच्याकडे ठेवा."

गायकवाडांनी हात बाहेर काढला. नंतरच्या शुक्रवारी ते तिची वाट बघत होते आणि शेजारच्या खाटेवरच्याला सांगत होते की ही बाई सरकारी आहे.

तिला सगळ्यांचे वार पाठ होते. आमच्यातल्या पुष्कळांना मंगळवारी, शनिवारी नखं कापलेली चालत नाहीत. एका माहीमच्या चाचांना शुक्रवारच लागायचा. एका मारवाडी आजीला दुपारी बारानंतर चालायचं नाही. कुणाची श्रद्धा कुठे अडते हे तिने एका वहीत लिहून ठेवलं होतं, आणि त्यावर ती कधी हसली नाही. हसायची ती नातेवाइकांवर. माझी आई शेवटचे आठ महिने अंथरुणावर होती. मी तिच्यासाठी परदेशी सफरचंदं आणायचो, एकेकाला कागदात गुंडाळलेली. आईला दात नव्हते. एका दुपारी आंटीने सफरचंदांची टोपली उचलून बाजूला ठेवली, आईचा हात उलटा करून माझ्यासमोर धरला आणि माझ्याकडे बघितलं. नखं तळव्यात रुतून चंद्रकोरीसारखे वळ उठले होते. त्या घरात मी रोज होतो.

असं बघणाऱ्या माणसाला दयाळू कसं म्हणणार?

चर्चवाल्यांनी म्हटलं. चर्चच्या वर्धापनदिनाला पाचसहा जणांचा सत्कार ठरला, त्यात फिलूआंटीचं नाव आलं. फाटकावर तिचा फोटो असलेला फलक लागला, खाली लिहिलेलं 'दयेची मूर्ती'. तिने मला तो दाखवायला नेलं आणि विचारलं की यात शुद्धलेखनाची काही चूक आहे का, म्हणजे त्या कारणाने काढता येईल. दुर्दैवाने नव्हती. कार्यक्रमाला मी गेलो. मंडप, पंखे, बुके; समया नव्हत्या पण मेणबत्त्या पुष्कळ. प्रमुख पाहुणे कुठल्याशा कंपनीचे मोठे अधिकारी होते आणि दयेवर बोलत होते. दया पाण्यासारखी असते, मग दया दिव्यासारखी असते, मग दया पुलासारखी असते. फिलूआंटी खांद्यावर शाल घेऊन व्यासपीठावर बसली होती आणि उजव्या हाताचा अंगठा कुरतडत होती.

ही तिची जुनी खोड. तिच्या डाव्या हाताची नखं नीटनेटकी असायची, उजव्याची वेडीवाकडी, दातांनी तोडलेली. उजव्या हाताने डाव्याची कापता येतात. डाव्या हाताने उजव्याची कापायला हात स्थिर लागतो आणि तिच्या डाव्या मनगटात संधिवात. दुसऱ्या कुणाकडून ती कापून घ्यायची नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "मी काय आजारी आहे?"

पाहुण्यांचं भाषण अठरा मिनिटांच्या पुढे गेलं. आंटीने घड्याळ बघितलं, शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि उतरून चालायला लागली. लोकांना वाटलं बाथरूमला गेली. नाव पुकारलं तेव्हा ती परळच्या बसमध्ये होती. स्मृतिचिन्ह माझ्या हातात दिलं गेलं. लाकडी पायावर काचेचे दोन जुळलेले हात. ते अजून आमचं मागचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून उपयोगी पडतं.

आता जे सांगायचं ते मी टाळत आलोय.

त्या सात कृत्यांच्या जोडीला आणखी सात असतात, आत्म्याची. अजाणत्याला शिकवणं, दुःखिताचं सांत्वन वगैरे. त्यांत एक आहे, आपले अपराध करणाऱ्यांना मनापासून क्षमा करणं. आंटीला हे विचारलं की ती म्हणायची, "त्या पेपरात मी नापास."

तिची धाकटी बहीण ब्लांच लग्न होऊन माहीमला गेली होती. दादरहून माहीम म्हणजे बसने पंधरा मिनिटं. या पंधरा मिनिटांत बावीस वर्षं कुणी गेलं नाही, ना इकडून ना तिकडून. कारण सगळ्या इमारतीला माहीत होतं. त्यांची आई म्हातारपणी भ्रमिष्ट झाली. फिलूआंटीची ड्यूटी तीन पाळ्यांची, ब्लांचचं मूल लहान. दोघींनी मिळून आईला वसईच्या बाजूला एका वृद्धाश्रमात ठेवलं. तिथेच ती गेली. चर्चमध्ये शवपेटी उघडी ठेवली होती, हात जोडून त्यांवर जपमाळ गुंडाळलेली. त्या हातांची नखं वाढून पिवळी पडली होती, आत मळ, एक अर्धवट तुटून लोंबत होतं. फिलूआंटीने ते बघितलं आणि सगळ्यांसमोर, फादर उभे असताना, बहिणीला म्हणाली, "पंधरा दिवस गेली नाहीस तू."

मी तिथे होतो. ब्लांच काही बोलली नाही. तिने मान खाली घातली, आणि आम्ही सगळ्यांनी तोच कबुलीजबाब धरला. घरी आल्यावर माझी आई म्हणाली, "धाकटी पहिल्यापासून आळशीच." पुढच्याच आठवड्यात फिलूआंटीने तो पत्र्याचा डबा घेतला आणि परळला जायला सुरुवात केली.

कुमसाराला, म्हणजे पापांची कबुली द्यायला, ती दादरच्या चर्चमध्ये जात नसे. तिथल्या फादरांनी एकदा प्रायश्चित्त म्हणून प्रार्थनांऐवजी माहीमला जाऊन यायला सांगितलं होतं. त्यानंतर ती कुमसाराला माटुंग्याला जायला लागली. तिथल्या फादरांनी सहा महिन्यांनी तेच सांगितलं, तेव्हा परळला. मग गिरगावला. मी म्हटलं, आता कुलाबा उरलंय, पुढे समुद्र. ती हसली नाही. "पाप तेच आहे," म्हणाली, "फादर बदलून बघतेय."

मग एका सकाळी माझ्या फोनवर एक बारीक आवाज आला.

"प्रधान ना? मी ब्लांच, माहीमहून. फिलूला सांगू नको मी फोन केला म्हणून."

मी बरं म्हटलं.

"डॉक्टर म्हणतात लिव्हर. फार दिवस नाही. तेही सांगू नको."

"मग मला कशासाठी सांगताय?"

"तू पेपरात होतास. न सांगता कळवायचं तुला जमेल."

मला काही जमलं नाही. मी समोरचं दार वाजवून ब्लांच आजारी असल्याचं सरळ सांगून टाकलं. आंटी उंबऱ्यात उभी होती. तिने पायाने पायपुसणं सरळ केलं.

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"या कुणी नाहीचा आवाज कसा होता?"

"बारीक," मी म्हणालो. तिने दार लावून घेतलं.

पुढचे नऊ दिवस तिने इमारतीचा जीव काढला. जिन्याचे कठडे पुसले. तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाचं गॅलरीतलं धुणं परस्पर काढून घड्या करून दिलं. टाळेबंदीत वॉर्ड बंद होते तेव्हा ती गच्चीवर येरझारा घालायची आणि खालच्या मजल्यावर कप हलायचे. तसं आता पुन्हा सुरू झालं. इस्पितळात ती रोज जायला लागली. मी पेपर घेऊन बरोबर होतो. मंगळवारी ज्यांची नखं कापली त्यांच्याच खाटांशी बुधवारी उभी. "हात." एक म्हातारा काकुळतीने म्हणाला, "बाई, अजून वाढली नाहीत हो." तिथल्या नर्सने मला बाजूला घेऊन विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. मी म्हटलं, घरीच तर आजारी आहे कुणीतरी, म्हणून हे इथे.

रागही येत होता मला. माणूस गिरगावापर्यंत जाऊन देवाशी घासाघीस करतो, आणि पंधरा मिनिटांच्या बसला त्याच्याकडे वेळ नाही. एका दुपारी मी ते बोललोही. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला वाटतं मी तिला माफ करत नाहीये."

"मग काय आहे?"

दहाव्या दिवशी, गुरुवारी, तिने आमची बेल वाजवली. डबा हातात. "चल. पेपर घे." कुठे ते मी विचारलं नाही.

माहीम बाजाराच्या मागच्या गल्लीत ब्लांचचं जुनं बैठं घर. शेरिलने दार उघडलं आणि आंटीला बघून ती बाजूला झाली. आत खिडकीशी खाटेवर ब्लांच, अंगाने अर्धी झालेली, डोळे पिवळे, पण केस विंचरून रिबन लावलेली. तिने दोन्ही हात चादरीवर, दिसतील असे मांडून ठेवले होते.

फिलूआंटी तडक खाटेशी गेली. पेपर पसरला, डबा उघडला, नेलकटर काढलं. "हात," ती म्हणाली, पण वॉर्डातल्यासारखं नाही म्हणता आलं तिला. तिने ब्लांचचा हात उचलला आणि थांबली. उलटा केला. मग दुसरा उचलला.

नखं कापलेली होती. दहाच्या दहा, आखूड, गोल, कानस मारून गुळगुळीत केलेली.

"पायाची पण काढलीत," ब्लांच म्हणाली.

शेरिलने मला नंतर स्वयंपाकघरात सांगितलं. मला फोन केला त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ब्लांच शेरिलला नखं बघायला लावायची, केसभर वाढली असली तरी कापायला लावायची. म्हणायची, फिलू कधीही येईल, तिच्यासाठी काही काम शिल्लक ठेवायचं नाही.

आंटी नेलकटर हातात धरून उभी राहिली. तिच्या नजरेने खोलीत काही सरळ करण्यासारखं शोधलं. औषधांच्या बाटल्या रांगेत होत्या. पडदा नीट होता. सगळं नीट होतं. इतक्या वर्षांत तिच्या हातांना काम नाही असं मी पहिल्यांदा बघत होतो.

"बस गो," ब्लांच म्हणाली.

"मला नाही बसता येत."

"मग उभी राहा. पण जाऊ नको."

आंटी बसली. काठावर नाही, पूर्ण बसली, आणि उजव्या हाताचा अंगठा तोंडात गेला. ब्लांचने ते बघितलं. तिने आपला हात पुढे केला, तळवा वर. "दे." आंटीने नेलकटर पुढे केलं. "ते नाही. म्हणजे तेपण. हात दे."

मला वाटलं ती म्हणेल, मी काय आजारी आहे? तिने हात दिला.

ब्लांचच्या बोटांत जोर नव्हता. एकेका नखाला तीन-चार वेळा दाबावं लागत होतं, मध्ये थांबून श्वास घ्यायला लागत होता. अंगठा झाला, तर्जनी झाली, मधलं बोट झालं. मग तिचा हात अग्रलेखावर पडला तो उचललाच नाही. "दोन राहिली," ती डोळे मिटून म्हणाली. "राहू दे," आंटी म्हणाली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पन्नास मिनिटं झाली होती. मी कुणालाही सांगितलं नाही.

परत येताना बसथांब्यावर आंटी बाकावर बसली नाही, ते अर्थात अपेक्षितच होतं. दोनदा टोकापर्यंत जाऊन आली. मग माझ्यासमोर उभी राहून, सुटे पैसे आहेत का विचारावं तशा आवाजात म्हणाली, "मम्माकडे जायचे दिवस वाटलेले होते. गुरुवार ब्लांचचा, रविवार माझा. शेरिलला गोवर होता म्हणून ब्लांच दोन आठवडे जाऊ शकली नाही. ते मला माहीत होतं. माझे दोन रविवार होते."

"आणि?"

"डबल ड्यूटी मागून घेतली दोन्ही वेळा. मम्मा माझ्याकडे बघायची, ओळखायची नाही. मला बघवायचं नाही ते."

बस आली. आम्ही चढलो नाही. थोड्या वेळाने मी विचारलं, ब्लांचला हे माहीत होतं का.

"त्या दिवशीच माहीत होतं," आंटी म्हणाली. "ती बोलली असती तर चर्चमध्ये सगळ्यांना कळलं असतं. ती बोलली नाही." मग तिने आपला उजवा हात बघितला. "बावीस वर्षं बोलली नाही. मी तिच्याकडे कुठल्या तोंडाने जाणार होते?"

मला माझ्या आईचं ते 'आळशीच' आठवलं आणि मी रस्त्याकडे बघत राहिलो.

त्यानंतरचे सगळे गुरुवार माहीमचे. उरलेली दोन नखं दुसऱ्या गुरुवारी झाली. पुढे ती ब्लांचची कापायची आणि ब्लांच तिची, असा काहीतरी व्यवहार ठरला होता, आणि दोघी त्यात इतक्या भांडायच्या की शेरिल खोलीतून निघून जायची. पाच महिने चाललं ते. ब्लांच गेली तेव्हा फिलूआंटी पहिल्या बाकावर सबंध मिस्साभर, प्रार्थना संपेपर्यंत, हलली नाही. मग ती पुन्हा परळला जायला लागली, मंगळवार-शुक्रवार, अठरा मिनिटं. गिरगावला जायचं मात्र थांबलं. कुमसार दादरलाच.

दोनेक महिन्यांनी एका दुपारी मी चहा घेत होतो. बेल वाजली. दारात आंटी, एका हातात डबा, दुसऱ्या हातात वर्तमानपत्र, आमच्याच दारातून उचललेलं. ती आत आली, टेबलाशी बसली, अग्रलेखाचं पान काढून पसरलं आणि त्यावर उजवा हात ठेवला. नखं पुन्हा वेडीवाकडी झाली होती.

मी तिच्याकडे बघितलं.

"बघतोस काय? चष्मा लाव आणि काप."

मी आयुष्यात दुसऱ्याची नखं कधी कापली नव्हती, आईचीसुद्धा नाही. ती प्रत्येक बोटाला सूचना देत होती. हळू. आतून नको. एवढं खोल नाही, मी काय तुझा अग्रलेख आहे? चार बोटं झाली, अंगठ्याला माझा धीर सुटला आणि नेलकटर तिरकं बसलं. ती उठली, खिडकीशी जाऊन उजेडात हात धरला.

"अंगठा वाकडा काढलास."

"पुढच्या वेळी नीट करतो."

"बघू," ती म्हणाली आणि कॅलेंडराचं मागचं पान फाडून निघून गेली.

पुढची वेळ आली नाही. नऊ दिवसांनी ती परळहून परतताना आमच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसली. फिलूआंटी जिन्यात बसलीय म्हटल्यावर सगळी इमारत धावली, आणि ते बरोबरच होतं.

चर्चमध्ये पेटी उघडी होती. मी रांगेतून पुढे गेलो. या सगळ्यावर माझा विश्वास नाही, पण हात जोडले. तिचेही जोडलेले होते, जपमाळ गुंडाळलेली, आणि मी आधी नखंच बघितली. नऊ चांगली होती. उजव्या अंगठ्याचं एका बाजूला तिरकं गेलेलं, छापून झाल्यावर दिसणाऱ्या चुकीसारखं. कुणी ते नीट केलं नव्हतं. शेरिल माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, कानस आणलीय, करू का सारखं?

मी म्हटलं, राहू दे.